मामाला हिब्रूत शब्द नाही

लोकांच्या गराजमध्ये जुने खोके साठतात, माझ्याकडे त्या ऑफिसचे किस्से साठलेत. सांगून टाकले की कमी होतील असं वाटतं, पण एक सांगताना आणखी दोन आठवतात. पॉटलकला जेवणं झाली, डिशवॉशर लागला, की कुणीतरी म्हणतंच, "वैशाली, ते तुझं हिब्रूवालं ऑफिस सांग ना यार!"

तर ऐका.

टेक्सासात, ह्यूस्टनला लागून शुगर लँड आहे. तिथल्या एका स्ट्रिप मॉलमध्ये, डेंटिस्ट आणि डोनटच्या दुकानाच्या मधोमध आमचं ऑफिस होतं. माणसं पाच. काम एकच: एक सीडी बनवायची. जुन्या हिब्रू भाषेत घर, नातीगोती, कुळ, टोळी यांच्यासाठी जेवढे म्हणून शब्द आहेत, त्या सगळ्यांचा कोश. शब्दावर क्लिक केलं की अर्थ यावा, कोण कुणाचा कोण ते झाडासारखं दिसावं. मी नागपूरची, डेटाबेसवाली. हिब्रूशी माझा संबंध शून्य!

* * *

२००१ संपता संपता एका एनर्जी कंपनीतून माझा ले-ऑफ झाला. प्रसाद, माझा नवरा, लग्न होऊन नुकताच आला होता, माझ्याच व्हिसावर. म्हणजे माझी नोकरी गेली तर दोघांनीही बॅगा भरायच्या. त्या घाबरलेल्या अवस्थेत मी या इंटरव्ह्यूला गेले.

मालक कार्ल. सहा फूट उंच, पायात काऊबॉय बूट, आधी वीस वर्षं चर्चमध्ये पाद्री. त्याने विचारलं, "हिब्रू येतं?"

"नाही."

"उत्तम! ज्यांना येतं त्या एक आहेतच. त्यांच्यापुढे टिकेल असं माणूस हवंय."

कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. डॉक्टर हॅना. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, चाळीस वर्षं हिब्रू शिकवलेलं. त्यांनी माझा रेझ्युमे उलटा करून बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुझ्या भाषेत वडिलांच्या भावाला काय म्हणतात?"

"काका."

"वडिलांच्या बहिणीला?"

"आत्या."

"काकाच्या बायकोला?"

"काकू."

"आम्ही दोघींना दोदा म्हणायचो. आणि आईच्या भावाला?"

"मामा."

आजी पुढे सरकल्या. "एका शब्दात?"

"हो. मामा."

"आईची बहीण?"

"मावशी."

आजींनी काठी जमिनीवर आपटली. "कार्ल, ऐकलंस? एका शब्दात! आमच्या जुन्या लोकांना 'आईचा भाऊ', 'आईची बहीण' असं लांबलचक सांगावं लागायचं. आणि तुम्ही इंग्लिशवाले तर सगळ्यांना अंकल आणि आंटी म्हणून मोकळे होता. हिला घे!"

"पण प्रोग्रॅमिंगचं मी अजून काहीच विचारलं नाही."

"ते तू नंतर विचार. नोकरी दे आधी."

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं, आमच्यात मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, काहीतरी नातं लावतात. त्या म्हणाल्या, "मग मला मावशी म्हण. तो शब्द आमच्याकडे नव्हताच." त्या दिवसापासून हॅनामावशी! आणि मावशी झाल्यावर अहो-जाहो संपलंच. निदान मनातल्या मनात.

* * *

आमच्याकडे दुसरा मराठी माणूस म्हणजे संजय. सांगलीचा. अतिशय सरळ, अतिशय काटेकोर. डेटात एक स्वल्पविराम जरी चुकला तरी त्याची रीतसर तक्रार सिस्टिममध्ये टाकणार.

एक दिवस त्याचा चेहरा लालबुंद. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैशाली, मोठा घोळ आहे. 'दोद' शब्द दोनदा आलाय. एका ठिकाणी अर्थ लिहिलाय काका."

"मग?"

"दुसऱ्या ठिकाणी लिहिलाय," त्याने आवाज आणखी खाली आणला, "प्रियकर."

त्याने तक्रार टाकली होती. शीर्षक: 'गंभीर चूक. काका आणि प्रियकर एकच दाखवतोय. ताबडतोब दुरुस्त करावे.'

मावशीने ती वाचली आणि खाली शेरा मारला: 'चूक नाही. तीन हजार वर्षांपासून असंच आहे. बंद करावे.'

संजयला काही ते पटेना. तो तिच्या टेबलाशी गेला. "मावशी, पण मग बाईने 'दोद आला' असं म्हटलं तर घरच्यांनी काय समजायचं?"

मावशी म्हणाली, "तिच्या चेहऱ्याकडे बघायचं!"

* * *

या संजयने दोन वर्षांत तिसऱ्यांदा भावाच्या लग्नासाठी रजा मागितली. कार्ल रजेचे सगळे अर्ज घेऊन बाहेर आला. पाद्री माणूस, ओरडायचा नाही, पण खोटं बोललेलं त्याला अजिबात खपायचं नाही.

"संजय, तुला भाऊ किती?"

संजयने मान खाली घातली. प्रामाणिकपणे म्हणाला, "सख्खा एकही नाही."

ग्लोरिया समोरच्या काउंटरवर फोन सांभाळायची, तिने हातातला फोन होल्डवर टाकला.

"मग ही तीन लग्नं कुणाची?"

"पहिलं चुलत भावाचं, दुसरं आतेभावाचं. आता मामेभावाचं. पण ते भाऊच आहेत, कार्ल. एका घरात वाढलो आम्ही. या मामेभावाने मला सायकल शिकवली."

मावशीने मान वर केली. "कार्ल, आपल्या कोशात 'आख' शब्दाखाली काय लिहिलंयस ते वाच."

कार्लने वाचलं. स्वतःच लिहिलेलं. भाऊ, सावत्र भाऊ, पुतण्या, कुळातला कुणीही पुरुष.

"याला रजा द्यावी लागेल," मावशी म्हणाली. "नाहीतर कोश बदल."

कार्लने सही केली. पण दुसऱ्या दिवशी रजेच्या अर्जावर नवीन ओळ छापून आली: 'भाऊ: (अ) इंग्लिश (ब) हिब्रू. एकावर खूण करा.'

* * *

मावशीने आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की जुन्या इस्राएली माणसाचा पत्ता म्हणजे त्याचं नातं. सगळ्यात आत 'बेत आव', म्हणजे बापाचं घर: आजोबा, मुलगे, सुना, नातवंडं. अशी घरं मिळून 'मिश्पाखा', म्हणजे कुळ. कुळं मिळून टोळी. आणि माणसाचं नाव म्हणजे अमक्याचा मुलगा तमका.

मी म्हटलं, "यात विशेष काय? आमचंही तसंच. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. आडनावावरून गावसुद्धा कळतं."

"आणि लग्न झाल्यावर?"

"वडिलांच्या जागी नवरा येतो."

"म्हणजे तू एका बेत आवमधून उठून दुसऱ्यात गेलीस!"

"मी गेले नाही. मी इथे आले. नवरा माझ्या मागून आला," मी म्हटलं. तेव्हापासून प्रसादला ऑफिसात मान मिळायला लागला.

ग्लोरियाने तिची दोन आडनावं सांगितली, एक बापाकडचं, एक आईकडचं. मेक्सिकन घरांत तसंच असतं. संजयने स्वतःचं नाव वडील, आजोबा, पणजोबांपर्यंत म्हणून दाखवलं. मावशी प्रत्येकाचं कागदावर उतरवत होती. आता कार्लची पाळी. त्याच्या नावाच्या मध्ये एक W होता.

"W म्हणजे?"

"W."

"ते समजलं. पण कशाचा?"

कार्ल बूट बघायला लागला. "कशाचाच नाही. बाबांना मधलं नाव सुचलं नाही. आई म्हणाली, काहीतरी लिहा. त्यांनी W लिहिलं."

मावशीने कागदावर नुसता W उतरवला. मग म्हणाली, "बिचारा. बापाचं घर आहे, पण एकाच खोलीचं!"

* * *

हा छोटासा आहे. 'गेर' म्हणून एक शब्द आहे. परक्या मुलखातून येऊन टोळीत राहिलेला माणूस. त्याच्या नावावर तिथे जमीन नाही, पाठीशी कुळ नाही, पण तो तुमच्यात राहतो, कष्ट करतो, सणाला तुमच्याबरोबर बसतो. त्याला छळू नका, असं त्या लोकांना वारंवार बजावलेलं.

हे सगळं ऐकून संजय एवढंच म्हणाला, "एच-वन-बी!"

आम्ही खूप हसलो. संजय मात्र हसला नव्हता. एच-वन-बी व्हिसावर राहून ग्रीन कार्डाची वाट बघण्याचं त्याचं ते पाचवं वर्ष होतं. सांगलीला वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा परत येताना व्हिसा स्टॅम्पिंग अडकेल या भीतीने तो जाऊ शकला नव्हता.

त्या दिवशी मी नमुना म्हणून अर्थाच्या रकान्यात तेच टाइप केलं आणि बदलायचं विसरले. सीडीची चाचणी आवृत्ती काही चर्चना गेली. महिन्याभराने एका खेड्यातल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांचं पत्र आलं, शाईने लिहिलेलं. 'गेरबद्दलचं पान फार आवडलं. डोळे भरून आले. रविवारी आम्ही सगळ्यांनी या एच-वन-बी लोकांसाठी प्रार्थना केली. ते नक्की कुठे राहतात ते कळवावं, म्हणजे जेवण पाठवता येईल.'

कार्लने ते पत्र संजयच्या टेबलावर ठेवलं. संजयने ते फ्रेम करून घेतलं!

* * *

माझ्या सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या. मी मावशीला घरी जेवायला बोलावलं. सासूबाईंना इंग्लिश येत नाही, मावशीला मराठी येत नाही, आणि दोघींनाही गप्प बसता येत नाही. मधे मी!

वरणभात वाढेपर्यंत मावशीने चौकशी सुरू केली. "विचार तिला, नवरीला काय म्हणतात आणि मुलाच्या बायकोला काय म्हणतात?"

सासूबाई म्हणाल्या, "नवरीला नवरी, सुनेला सून. त्यात काय विचारायचं?"

"आमच्याकडे दोघींना एकच शब्द."

मी हे मराठीत सांगितलं. सासूबाईंचा हात ताटातच थांबला. "म्हणजे यांच्याकडे सून जन्मभर नवरीच राहते? आमच्याकडे पहिल्या दिवाळसणापर्यंत!"

मी ते इंग्लिशमध्ये सांगितलं. मावशी हसली.

"बरं, शब्द काय आहे तो?" सासूबाईंनी विचारलं.

मावशीने स्वच्छ उच्चारात सांगितलं, "कल्ला."

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. आणि मग जो हसण्याचा फवारा उडाला! डोळ्यांत पाणी. "सुनेला कल्ला! वैशाली, यांची भाषा खरी आहे गं!"

आता हे मावशीला समजावून सांगायची वेळ माझ्यावर. आपल्या भाषेत कल्ला म्हणजे आरडाओरडा, हे मी मान खाली घालून सांगितलं. मावशीने लगेच पर्समधून वही काढून टिपून घेतलं. मग विचारलं, "आणि तिला सासूसाठी आमचा शब्द ऐकायचाय का?"

"सांगा सांगा," सासूबाई उत्साहात.

"खामोत."

स्वयंपाकघरातून पोळ्या घेऊन येणारा प्रसाद दारातच थांबला. त्याने पूर्ण संभाषण ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "कोण कोणाला खामोश म्हणतंय?"

* * *

ग्लोरियाचं सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. तिची धाकटी बहीण कॅन्सरने गेली. मागे दोन मुली, सात आणि नऊ वर्षांच्या. त्यांचा बाप आधीच नाहीसा झालेला. ग्लोरियाचं स्वतःचं लग्न ठरलं होतं. त्या माणसाने दोन मुलींचं ऐकून चार दिवस विचार केला आणि नाही म्हणाला. ग्लोरियाने अंगठी पोस्टाने परत पाठवली आणि मुलींना घरी आणलं. हे सगळं तिने आम्हाला सांगितलं ते डोनट खाता खाता, जसं काही दुसऱ्या कुणाचंच.

दर ऑगस्टमध्ये शाळेचा फॉर्म यायचा. त्यात एक चौकट: 'मुलाशी नातं.' पर्याय ठरलेले. आई, वडील, सावत्र पालक, गार्डियन, इतर.

त्या वर्षी ती फॉर्म घेऊन मावशीकडे आली. "आई मी नाही. ती जागा माझ्या बहिणीची. गार्डियन म्हटलं की पार्किंगमधला वॉचमन आठवतो. इतर तर मी मुळीच नाही! तुझ्या त्या जुन्या लोकांकडे मला काही शब्द आहे का?"

मावशी एरवी ताडकन उत्तर द्यायची. त्या दिवशी तिने चष्मा लावून फॉर्म पूर्ण वाचला.

"आहे," ती म्हणाली. "गोएल. घरातलं कुणी पडलं, मेलं, कुणाचं काही हातचं गेलं, तर सगळ्यात जवळच्या नातेवाइकाने पुढे व्हायचं आणि ते परत घरात आणायचं. जमीन असो, माणूस असो. पुढे होणारा तो गोएल."

"तो?"

"त्यांच्याकडे पुरुषच असायचा. तू गोएलेत लिही. व्याकरण माझ्यावर सोड."

ग्लोरियाने 'इतर'वर काट मारली आणि बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं: गोएलेत.

तिसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. ग्लोरियाने स्पीकरवर टाकला. पलीकडची बाई भांबावलेली. "मॅम, फॉर्मवर तुम्ही जे नातं लिहिलंय, ते आमच्या कम्प्युटरमध्ये नाही. हे कुठलं नातं?"

ग्लोरिया म्हणाली, "जवळचं."

* * *

२००५च्या सप्टेंबरात मोठं वादळ येणार म्हणून अख्ख्या ह्यूस्टनला गाव सोडायला सांगितलं. अख्खं शहर एकाच वेळी रस्त्यावर! मावशी एकटी राहायची. कार्लने भल्या पहाटे फोन केला, "सगळे ऑफिसच्या पार्किंगमध्ये या. एकत्र निघू."

कार्लच्या व्हॅनमध्ये मावशी, ग्लोरिया आणि तिच्या मुली. मागे आमच्या गाडीत प्रसाद, मी, संजय. पेट्रोल पुरावं म्हणून एसी बंद. बाहेर भट्टीसारखा उकाडा. तासाला दोन मैल. रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाड्या, उलट्या करणारी पोरं, पाणी मागणारे म्हातारे. फोन लागेनात. मधे चार गाड्या घुसल्या की कार्लची व्हॅन दिसेनाशी व्हायची, आणि अशा एकसारख्या पांढऱ्या व्हॅन शेकड्याने.

एकदा अशीच व्हॅन हरवली. मावशीच्या हृदयाच्या गोळ्यांची पिशवी आमच्या गाडीत राहिली होती!

संजय खिडकीतून अर्धा बाहेर आला. एकदम ओरडला, "ती बघ!"

दूर पुढे एका खिडकीतून मावशीची काठी बाहेर आलेली. टोकाला ग्लोरियाचा लाल स्कार्फ. मावशी ती दोन्ही हातांनी उभी धरून फडकवत होती. मी पळत जाऊन गोळ्या देऊन आले. पुढचे कितीतरी तास ती काठी आत गेली नाही. मावशी दमली की ग्लोरिया धरायची, ग्लोरिया दमली की मुली.

संजय म्हणाला, "वैशाली, आपल्या कोशात टोळीला दोन शब्द आहेत ना? शेवेत आणि मत्ते. दोन्हींचा मूळ अर्थ काय आहे माहितीये?"

मला माहीत होतं. मीच टाइप केला होता. काठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका छोट्या गावात मोटेल सापडलं. काउंटरवर एक दमलेले आजोबा. "एकच खोली उरलीय. आणि मी ती एका फॅमिलीसाठी राखून ठेवलीय, लहान मुलं असलेल्या." त्यांनी आमच्याकडे पाहिलं. काऊबॉय बूट घातलेला कार्ल, काठीवाली गोरी आजी, ग्लोरिया आणि दोन मुली, घामाने निथळणारे तीन भारतीय. "तुम्ही सगळे एक फॅमिली?"

उत्तर द्यायचं होतं कार्लने. पाद्री! हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर मावशी उन्हात.

मावशी त्याला बाजूला सारून पुढे आली. "मिश्पाखा," ती म्हणाली.

"मॅम, म्हणजे हो की नाही?"

"तीन हजार वर्षांपासून हो."

आजोबांनी किल्ली दिली. वर दोन घडीच्या खाटा आणि एक कलिंगडही दिलं. वादळ ऐनवेळी दुसरीकडे वळलं, घरं वाचली. आठ जण एका खोलीत दोन दिवस राहिलो. कार्ल घोरतो, हे कुठल्याच कोशात नव्हतं!

* * *

आता शेवटचा.

२००६च्या वसंतात सीडी तयार झाली. सगळे शब्द भरून झाले, कार्लने प्रेसला तारीख दिली. मी अंतिम बिल्ड, म्हणजे सगळ्या नोंदी जोडून सीडी बनवायची शेवटची प्रक्रिया, सुरू केली आणि ती थांबली. सगळ्या नोंदींत फक्त एका नोंदीत इंग्लिश अर्थाचा रकाना रिकामा होता. रिकामा रकाना मशीन घेत नाही, तो नियम मीच घातलेला.

शब्द होता 'शकूल'. ज्याचं मूल गेलंय असा बाप. बाई असेल तर 'शकुला'.

मावशी म्हणाली, "तो मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. आईबाप गेले तर इंग्लिशमध्ये ऑर्फन म्हणतात. नवरा गेला तर विडो. मूल गेलेल्या माणसाला शब्दच नाही. लांबलचक वर्णन लिहायला लावू नका. शब्द द्या."

ग्लोरियाने स्पॅनिशमध्ये शोधला. नाही. संजयने मराठीत प्रयत्न केला. "निपुत्रिक?" मी म्हटलं, ते तर ज्याला मूल नाही त्याला. याला होतं.

मावशीने सांगितलं, जुन्या मजकुरात हा शब्द पिल्लं हिरावून नेलेल्या अस्वलासाठीही येतो.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला आईला फोन लावला. शाळेत तिने बत्तीस वर्षं मराठी शिकवलंय. म्हटलं, तिला नक्की माहीत असेल.

आई म्हणाली, "नाही गं तसा शब्द. आपल्या समोरच्या सुनंदाची आई आठवते ना तुला? सुनंदा नऊ वर्षांची असताना गेली. आता तीस वर्षं होतील. अख्खी कॉलनी अजून त्यांना सुनंदाची आईच म्हणते. त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही."

ऑफिसात सकाळच्या मीटिंगमध्ये मी हे जसंच्या तसं सांगितलं. कार्ल बोर्डावर काहीतरी लिहीत होता. तो वळला.

"काय म्हणतात तिला?"

"सुनंदाची आई."

"अजूनही?"

"अजूनही."

त्याने मार्करला टोपण लावलं. दोनदा दाबून बघितलं नीट बसलंय का. मग म्हणाला, "मीटिंग संपली," आणि आपल्या खोलीत गेला. दिवसभर दार बंद. ग्लोरियाने त्याचे फोन न विचारता थांबवून धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन चालू केलं. बिल्ड अडखळली नाही. मी ती नोंद उघडली. इंग्लिश अर्थाच्या रकान्यात कार्लने दोन शब्द भरले होते.

'एमिलीचे बाबा.'

मी मावशीला बोलावलं. ती काठी टेकत आली, स्क्रीनजवळ वाकली. ग्लोरिया आणि संजयही येऊन मागे उभे राहिले. चार वर्षं एका छताखाली काढली होती आम्ही, उठता बसता नात्यांचे शब्द मोजत.

संजयने हळूच विचारलं, "एमिली कोण?"

मावशीने चष्मा काढला, पदर नसल्यामुळे बाहीने पुसला, परत लावला आणि ते दोन शब्द पुन्हा एकदा वाचले.

"बिल्ड पुढे जाऊ दे," ती म्हणाली.